गाय घाटावरून आणता येते, हवा आणता येत नाही

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमाराला मी हातात घड्याळ घेऊन गोठ्यात उभा राहिलो आणि आमच्या काळ्या-पांढऱ्या गाईची कूस किती वेळा वर-खाली होते ते मोजलं. पंधरा सेकंदांत बावीस, म्हणजे मिनिटाला ८८ श्वास. निवांत असलेल्या गाईचे मिनिटाला तीस-पस्तीस असतात. साठाच्या वर गेले की गाय उष्म्याने हैराण झाली आहे असं समजावं. आमची गाय सकाळपासून बसलीच नव्हती. तोंड दाराकडे करून, मान पुढे काढून ती उभी होती आणि गव्हाणीतला पेंढा तसाच पडला होता.

ही गाय आम्ही फेब्रुवारीच्या मध्याला घाटापलीकडून आणली. दुसरं वेत, व्यायल्याला एक महिना झालेला. आल्या आठवड्यात दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर दूध दिलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती साडेआठवर आली. शेजारच्या मावशीने येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हांगाचें उदक तिका मानवना." वाड्यावरच्या दुसऱ्या एकाचं मत वेगळं होतं. त्याच्या मते गाय 'जातिवंत' नव्हती, आम्हाला फसवलं होतं, विकून टाकून जास्त होल्स्टीन रक्ताची, म्हणजे भरपूर दूध देणाऱ्या त्या विदेशी जातीची, आणायला हवी होती.

गोव्यात दुधाविषयी जे काही बोललं जातं ते या दोन मतांच्या मध्येच फिरत राहतं. दूध कमी पडतं, कुर्टीच्या गोवा डेअरीत स्थानिक दूध पुरेसं येत नाही, राज्याची गरज महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येणाऱ्या टँकरांवर आणि पिशव्यांवर भागते. यावर उपाय म्हणून आपण गाई आणतो. कामधेनू योजनेतून संकरित गाय घ्यायला अनुदान मिळतं आणि त्या अनुदानावर अनेक घरांत पहिली गाय आली, हे मी नाकारत नाही. पण माझं म्हणणं असं आहे की आपला पैसा आणि आपली चर्चा गाईच्या खरेदीवर नको तितकी अडकली आहे. आणलेली गाय दूध का देत नाही, दोष तिच्या रक्ताचा की आपल्या गोठ्याचा, हे ठरवायला लागणारी साधी नोंदसुद्धा आपल्याकडे नाही. ती ठेवल्याशिवाय आणि गोठा थंड केल्याशिवाय पुढची गाय आणणं म्हणजे तोच खर्च पुन्हा करणं.

आधी आमच्याच गाईचा हिशेब मांडतो. १४ वरून साडेआठ, म्हणजे साडेपाच लिटरची घट. पण ही सगळी घट उष्म्याची नाही आणि सगळी फसवणुकीचीही नाही. गाय व्यायल्यावर चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान तिचं दूध शिगेला पोचतं आणि तिथून पुढे दर महिन्याला साधारण आठ-दहा टक्क्यांनी उतरतं. हे निसर्गतःच होतं, कितीही चांगल्या गाईचं होतं. बाजारात गाय नेमकी शिगेवर असताना दाखवतात. कास भरून दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळची धार चुकवण्याची रीतही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गोठ्यात आलेली प्रत्येक गाय पुढच्या तीन महिन्यांत 'उतरलेली'च दिसते. आमची गाय एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नैसर्गिक उताराने साडेबारापर्यंत यायला हवी होती. म्हणजे दीड लिटर वेताच्या चढ-उतारात गेलं आणि उरलेलं चार लिटर आमच्या गोठ्याने खाल्लं. हा आकडा मला सांगता येतो, कारण घरात दुधाच्या नोंदींची एक वही होती. वही नसती तर मीही मावशीचं किंवा त्या शेजाऱ्याचं मत धरून बसलो असतो.

आता रक्ताचं. पशुपैदाशीच्या शास्त्रात आनुवंशिकतेचा एक आकडा वापरतात. एकाच कळपातल्या, सारख्या परिस्थितीतल्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला किती भाग आई-बापाकडून आलेल्या आणि पुढे जाणाऱ्या गुणांचा, हे तो सांगतो. दुधाच्या उत्पादनासाठी हा आकडा साधारण पाव ते एक तृतीयांश येतो. संकरित गाईंच्या कळपांत बऱ्याचदा त्याहूनही कमी निघतो. बाकीचा बहुतांश फरक वैरण, पाणी, हवा, वेताचा क्रमांक, व्याण्याचा हंगाम, आजारपण आणि धार काढणाऱ्याचा हात यांतून येतो. दुधातल्या फॅटच्या टक्केवारीचा आकडा यापेक्षा वर असतो, म्हणून फॅट बऱ्यापैकी घराण्यातून येतं. उलट गाय वेळेवर गाभण राहणं, दोन वेतांत किती अंतर पडणं, यात आनुवंशिकता जेमतेम पाच-दहा टक्के. गोव्यातला गोपालक सर्वांत जास्त पैसे नेमके इथेच घालवतो.

हे थोडं उलगडून सांगतो, कारण चर्चेत ते येतच नाही. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवं असेल तर व्यायल्यावर ८५ दिवसांच्या आत गाय गाभण राहायला हवी. म्हणजे ३०५ दिवस दूध, ६० दिवस भाकड आणि पुन्हा वेत. उष्म्यात गाईचा माज, म्हणजे ती गाभण राहायला तयार असल्याची वेळ, मुका असतो. ती हंबरत नाही, दुसरीवर चढत नाही, माजाचा चिकट स्राव, म्हणजे सोट, पडलेला कुणाला दिसत नाही. माज बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो. एक माज चुकला की २१ दिवस गेले. रेतन करूनही गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की आणखी २१. असं चार-पाच वेळा झालं की दोन वेतांतलं अंतर दीड वर्षावर जातं. सहा वर्षांत सहा वेतांऐवजी चार. बाजारात १४ लिटरची म्हणून घेतलेली गाय वर्षाच्या सरासरीत मग सहा-सात लिटरची होऊन बसते आणि दोष दिला जातो जातीला.

वर सांगितलेला पाव-तृतीयांशाचा आकडा चुकीच्या अर्थानेही वापरला जातो, म्हणून तेही स्पष्ट करायला हवं. त्याचा अर्थ रक्ताला किंमत नाही असा नव्हे. तो एका कळपातल्या फरकांविषयी बोलतो, दोन जातींमधल्या फरकाविषयी नाही. आपली श्वेतकपिला घ्या. गोव्याची स्वतःची पांढरीशुभ्र, मध्यम-लहान बांध्याची गाय, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेली. तिला स्वर्गातल्या गोठ्यात बांधलं तरी ती दिवसाला दोन-तीन लिटरच्या फार पुढे जाणार नाही. ते तिच्या घडणीतच नाही. संकरित गाय दहा-बारा लिटर देते, ते होल्स्टीन किंवा जर्सीच्या रक्तामुळेच. म्हणून 'संकरित बंद करा, देशी पाळा' असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. श्वेतकपिला जपायलाच हवी. उन्हापावसात, डोंगरातल्या गवतावर, गोचिडांना तोंड देत ती जगते, आणि तोच गुण पुढच्या संकरात आईकडून हवा आहे. पण डोक्यावर कर्ज आणि तीन गाई असलेल्या सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या माणसाला तिच्या दुधावर घर चालवायला सांगणं अन्यायाचं आहे.

मात्र 'रक्त जितकं जास्त, तितकं दूध जास्त' हा समज त्याहून घातक आहे. देशी गाय आणि विदेशी वळू यांच्या पहिल्या पिढीत निम्मं-निम्मं रक्त असतं आणि दोन दूरच्या जाती एकत्र आल्यामुळे संकरओज, म्हणजे संकराचा जादा जोम, मिळतं. दूधही वाढतं, तब्येतही टिकते. मग मोह होतो. त्या पाडीला पुन्हा होल्स्टीनची रेतमात्रा, तिच्या पाडीला पुन्हा होल्स्टीन. विदेशी रक्त आधी पाऊण, मग साडेसत्त्याऐंशी टक्के. संकरओज प्रत्येक पायरीला निम्मं होत जातं, उष्म्याशी झगडणारं देशी रक्त पातळ होत जातं, गोचीड ताप आणि कासदाह वाढतात. आपल्याकडच्या पैदास धोरणांत विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा असं सांगितलं जातं, ते याच अनुभवातून. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या फुले त्रिवेणीत निम्मं होल्स्टीन, पाव जर्सी आणि पाव गीर आहे. ब्राझीलने आपल्याकडून नेलेल्या गीरपासून गिरोलांडो घडवली, तिच्यात होल्स्टीन पाच अष्टमांश आणि गीर तीन अष्टमांश. एके काळी आपल्यासारखाच पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला तो उष्ण देश आपल्याच गाईचा उपयोग करून पुढे गेला आणि आपण गोठ्यात कोणत्या वळूची मात्रा भरली याचा क्रमांकही लिहून ठेवत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता हवेकडे येतो, कारण गोव्याचा प्रश्न शेजाऱ्यांपेक्षा वेगळा आहे तो इथेच. होल्स्टीनला साधारण ५ ते २५ अंशांमध्ये बरं वाटतं. पण नुसत्या तापमानावरून गाईचे हाल कळत नाहीत. तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२च्या पुढे गेला की दुभत्या गाईला ताण सुरू होतो. एप्रिलमधल्या दुपारी बेळगावकडे ३६ अंश आणि ३० टक्के आर्द्रता धरली तर हा निर्देशांक ८२ येतो. आपल्याकडे ३३ अंश आणि ७० टक्के धरली तर ८६. दुपारी दोन्हीकडे त्रासच, फरक चारचा. खरा फरक रात्री पडतो. घाटावर रात्री २१ अंशांपर्यंत उतरलं, आर्द्रता ६० टक्के असली, तर निर्देशांक ६७ होतो. गाय दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बाहेर टाकते, पहाटे रवंथ करते, पोटभर खाते. आपल्याकडे रात्रीचे २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता म्हणजे ७९. चोवीस तासांत एक तासही ती मर्यादेच्या खाली येत नाही. घामाने अंग गार व्हायचं तर घाम वाळायला हवा आणि आपल्या हवेत तो वाळत नाही. हे एप्रिल-मेपुरतंही नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातही जवळपास हीच गत असते. घाटमाथ्यावर १४ लिटर देणारी गाय चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरली की तिचं रक्त बदलत नाही, रात्र बदलते.

आम्ही त्या गाईसाठी काय केलं, ते सांगतो. गोठ्यावर पत्रा होता. त्यावर चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, विणून दोन थर टाकले. पत्र्याची आतली बाजू पूर्वी दुपारी हात लावू देत नव्हती, ती लावण्याजोगी झाली. पाण्याची बादली बंद केली. आधी दिवसातून चार वेळा बारा लिटरची बादली दाखवत होतो, म्हणजे ४८ लिटर. एवढी दुभती गाय उन्हाळ्यात सहज ७०-८० लिटर पिते. दुधात ८७ टक्के पाणीच असतं, ते येणार कुठून? जुना सिमेंटचा हौद गव्हाणीला लागून बसवला आणि तो सतत भरलेला ठेवला. मावशीचं म्हणणं मग वेगळ्या अर्थाने पटलं. इथलं पाणी तिला मानवत नव्हतं असं नाही, ते तिला पुरत नव्हतं. तिसरी गोष्ट, खुराक आणि ओली वैरण रात्री आठनंतर आणि पहाटे पाचला द्यायला लागलो. दुपारी दिलेलं ती खातच नव्हती, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. शेवटी पंखा लावला आणि अंगावर पाणी मारायला सुरुवात केली, पण पंख्याशिवाय पाणी कधीच नाही. वारा नसेल तर पाण्याने गोठ्याची दमटाई वाढते आणि गाईचे हाल आणखी होतात. मेच्या मध्याला ती साडेदहावर होती. वेताच्या उताराप्रमाणे तेव्हा साडेअकराच्या आसपास असायला हवी होती. चारपैकी तीन लिटर परत आलं, एक राहिलं.

यात चुडतांचा खर्च जवळपास शून्य होता आणि पंख्याचा खर्च नव्या गाईच्या किमतीपुढे नगण्य.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. पंखा, पाणी, पेंड यांवर दरवर्षी खर्च करावा लागतो, सुधारलेलं रक्त मात्र एकदा आलं की पिढ्यान्‌पिढ्या राहतं, मग पैसा रक्तावर का घालू नये? घालावा. पण कोणतं रक्त चांगलं, हे कसं ठरवणार? एखाद्या वळूची किंमत त्याच्या मुलींच्या दुधावरून कळते, आणि ती कळायची तर मुलींच्या दुधाच्या नोंदी हव्यात. त्यातही अडचण अशी की गोठ्यात उपासमार आणि उष्मा असला तर चांगली गाय आणि सामान्य गाय दोघी सारखंच कमी दूध देतात. गुणांमधला फरक परिस्थितीच्या गोंगाटात बुडून जातो आणि आनुवंशिकतेचा आकडाच खाली येतो. म्हणून गोठा सुधारणं हा पैदाशीला पर्याय नाही, ती पैदाशीचीच पहिली पायरी आहे.

शिवाय हवा आणि रक्त यांच्यातली भिंत आपण मानतो तेवढी पक्की नाही. फ्लोरिडा हा अमेरिकेतला असाच उष्ण आणि दमट प्रांत. तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासांत असं दिसलं की व्याण्यापूर्वीच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत गाभण गाय उष्म्यात राहिली, तर तिच्या पोटातली कालवड पुढे मोठी होऊन व्यायल्यावर कमी दूध देते. बाप तोच, आई तीच, तरी गोठ्याने दोन वर्षांनंतरच्या दुधावर आधीच हात मारलेला असतो. आपल्याकडे भाकड गाईला सर्वांत वाईट जागा मिळते. दूध देत नाही म्हणून तिला उन्हाच्या बाजूला बांधतात, खुराक बंद करतात. हे मी आमच्याच घरात वर्षानुवर्षं होताना पाहिलं आहे.

वैरणीबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल, इथे थोडक्यात. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्केच. त्यावर पोट भरतं, दूध येत नाही. यंत्राने कापणी सुरू झाल्यापासून तो पेंढाही बऱ्याच ठिकाणी शेतातच राहतो. जुलैचं कोवळं गवत दिसायला भरपूर असलं तरी त्यात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी. पन्नास किलो कापून घातलं तर हाती आठ-दहा किलो सुकी वैरण लागते. नारळाच्या आणि पोफळीच्या कुळागरांत, पाण्याच्या पाटाकडेला संकरित नेपियर हे वैरणीचं गवत लावायला भरपूर वाव आहे आणि त्यासाठी आपल्याकडे पाणी नाही असं निदान सत्तरी-सांग्यात तरी कुणी म्हणू नये.

मग सरकारने काय करावं? गाय घेण्याचं अनुदान बंद करा असं मी म्हणत नाही. त्यातला काही भाग गाय गोठ्यात येण्याआधीच्या तयारीला बांधा. सावलीचं छप्पर, चोवीस तास पाणी, पंखा आणि वैरणीचा तुकडा पाहूनच पहिला हप्ता सुटावा. दुसरं, नोंद. गावोगावच्या दूध संस्थांत आज प्रत्येक सभासदाचं दूध दिवसातून दोनदा मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढलं जातं. म्हणजे माणसाची नोंद आहे, गाईची नाही. चार गाईंचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं की कोणती गाय पोसते आणि कोणती खाते, हे त्या माणसालाही कळत नाही. महिन्यातून एकदा, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजून तिच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासमोर लिहायचं, एवढंच काम आहे. गावातल्याच एखाद्या मुला-मुलीला थोडं मानधन आणि एक वजनकाटा दिला की वीस-पंचवीस गाई सहज होतात. सोबत व्याण्याची तारीख, वेत कितवं, रेतनाची तारीख आणि वळूचा क्रमांक. पहिल्या वेताची गाय पूर्ण वाढलेल्या गाईच्या पाऊण भागाइतकंच दूध देते. ही दुरुस्ती केल्याशिवाय लोक चांगल्या कालवडी विकून टाकतात आणि चौथ्या वेताची सामान्य गाय ठेवतात.

गोवा लहान आहे, इथल्या गाईंच्या संख्येवर एकट्याने वळूंची पारख होणार नाही, हेही मान्य करायला हवं. एका वळूची खात्री पटायला अनेक गोठ्यांत विखुरलेल्या त्याच्या मुली लागतात. पण हवा राज्याच्या सीमा पाळत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कारवार ही एकच किनारपट्टी आहे. पुढे केरळ आहे, जिथे १९६३मध्ये स्वित्झर्लंडच्या मदतीने काम सुरू झालं, ब्राउन स्विस वळू आणि गावठी गाई यांच्या संकरातून सुनंदिनी ही गाईची जात उभी राहिली आणि विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास रोखण्याचं धोरण ठरलं. जुन्या गोव्यात केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहेच. पंजाब-हरियाणाच्या कोरड्या हवेत पारखलेल्या वळूच्या मुली इथे त्याच क्रमाने दूध देतील असं धरून चालणं चूक आहे. एका हवेतला पहिला वळू दुसऱ्या हवेत पाचवा येऊ शकतो. किनारपट्टीच्या जिल्ह्यांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या तर आपल्या रात्रींत टिकणारे वळू आपल्यालाच ओळखता येतील.

आमची ती गाय पुढे यंदाच्या एप्रिलमध्ये व्यायली, मधलं अंतर पंधरा महिन्यांचं पडलं. बारा व्हायला हवे होते. दोन माज आमच्या हातून चुकले, ते वहीत आहेत. या वेळी शेवटचे दोन महिने तिला चुडतांखाली, हौदाशेजारी बांधली होती. पाडी झाली आहे. त्याच वळूची दुसरी पाडी मावशीच्या गोठ्यात आहे, पंधरा दिवसांनी लहान, तिची आई मात्र भाकड असताना पत्र्याखाली होती. दोघींच्या कानात बिल्ले बसले आहेत. मावशीला लिहिता येत नाही, म्हणून तिच्या पाडीचं पानही मीच घातलं आहे, आणि ती दर आठवड्याला येऊन त्यावर काय लिहिलं ते वाचून घेते.